न सापडलेले नारळ

१

मंगळवारी सकाळी आमच्या मालवणची सात माणसं नाहीशी झाली. समुद्रातून ती तीन महिन्यांपूर्वीच वाचली होती. आता नाहीशी झाली ती दिल्लीतल्या एका कागदावरून. आणि ही बातमी फुटली ती माझ्या खानावळीत, ऐन पेजेच्या वेळी.

मी जानकी कुबल. धक्क्याजवळ माझी खानावळ आहे. पुण्यामुंबईची माणसं बांगड्याचं तिखलं खायला येतात आणि वर "जरा कमी तिखट करा" म्हणतात, तेव्हा मी त्यांच्यासमोर दहीभात ठेवते. स्वभाव आहे, काय करणार. पण त्या आठवड्यात जे झालं ते माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नाही, म्हणून मीच सांगते. दिल्लीतल्या कार्यालयाचं आणि त्या परक्या देशाचं नाव मात्र घेणार नाही. मला शपथ घातलेली आहे. एकाला 'वरचं कार्यालय' म्हणेन, दुसऱ्याला 'बेटांचा देश', तेवढ्यावर भागवून घ्या.

अकिला आली ती चपलांसकट आत आली. तिचा नवरा सिराज भाई मेथरांच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. खोल समुद्रात ते इंजिन बंद पडलं, वाऱ्याने ट्रॉलर भरकटला आणि बेटांच्या देशाच्या हद्दीत शिरला. तिथल्या तटरक्षकांनी सगळ्यांना धरलं. पण आपल्या वकिलातीतली माणसं तुरुंगात जाऊन त्यांना भेटली, आणि गोष्टी सुधारत गेल्या. त्या देशाचे राष्ट्रपती शुक्रवारी दिल्लीत यायचे होते. दोस्तीची खूण म्हणून सातही जणांना सोडायचं, असं दोन्हीकडून जवळजवळ ठरलं होतं. अकिलाने तर सिराजचे शर्ट धुऊन इस्त्रीला दिले होते.

"काकी, कलेक्टर ऑफिसातसून फोन इलो," ती म्हणाली. "म्हणतत, सोडूच्या यादीत तेंची नावा नाय. आता केस चलतली. चोरट्या मालाची."

"कसलो चोरटो माल?"

"ता सांगणत नाय. माणसा थंय आसत, मगे नावा खंय गेली?"

मागच्या दारी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसलेल्या हौसाबाईचे हात थांबले. ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे कप्तान, बाळा हा तिचा मुलगा. हौसाबाई माझ्याकडे कामाला आहे, पण सगळं बंदर तिला विचारून चालतं. चोरट्या मालाला त्या देशात दहा-बारा वर्षांची सजा असते, हे आम्हाला वकिलाने आधीच सांगितलं होतं. सुटून येईपर्यंत हौसाबाई जगली असती की नाही, कोण जाणे.

"कोणीतरी ध चा मा केल्यान," ती एवढंच म्हणाली.

दुपारपर्यंत बंदरावर दोन गुन्हेगार नक्की झाले. एक समदचाचा, मासळीचा मोठा व्यापारी, कारण त्याचं आणि भाई मेथरांचं बर्फाच्या कारखान्यावरून वाकडं होतं आणि गेले दोन दिवस तो लिलावाला फिरकलाच नव्हता. दुसरा देवेश पराडकर. आमच्याच गावचा, पण दिल्लीत वाढलेला, वरच्या कार्यालयातला अधिकारी. बापाच्या वर्षश्राद्धासाठी तो नेमका त्याच दिवशी मालवणात उतरला होता. पोरं त्याच्या गाडीवर शेण फेकायला निघाली, तेव्हा कोपऱ्यात पेज पीत बसलेल्या बाईने भांडं खाली ठेवलं.

"शेण फुकट घालवू नका," ती म्हणाली. "आधी मला बघू दे."

२

ती रुक्मिणीअक्का. वरच्या कार्यालयात अवर सचिव होती आणि निवृत्तीनंतर मालवणला परत आली. आता कुत्र्याला भाकरी घालते आणि माझ्या जेवणात खोड्या काढते. इतकी वर्षं दिल्लीत काढून तिची जीभ शुद्ध झालीय. राग आला की मगच मालवणी बाहेर येते. देवेश तिच्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे भाचा.

"अक्का, एवढ्या मोठ्या देशाक आमच्या सात माणसांचा काय पडलाहा?" मी विचारलं. "थंय कोण बसान आमची नावा खोडता?"

"परराष्ट्र खातं शंभर पानं लिहितं," ती म्हणाली. "वकिलातीचे अहवाल, कायदा, मागची भांडणं, सगळं. पण भेटीच्या दिवशी देशाच्या वतीने बोलणाऱ्या साहेबांच्या हातात एकच पान असतं. ते पान वरचं कार्यालय करतं. शंभराचं एक करताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे एका खोलीतली तीन-चार माणसं ठरवतात. देश त्या दिवशी काय बोलणार, ते तिथे ठरतं."

"म्हणजे बाजार कोणी पण करो, मीठ मी घालणार."

"तसंच. आणि मीठ चुकलं की बाजार कितीही चांगला असो, जेवण गेलं."

"त्या खोलयेत देवेश आसता?"

"बेटांच्या देशाचं पान त्याच्याकडेच असणार." तिने डोळे मिटले. "नावं त्यानेच काढली असतील, जानकी. पण तो कुणाचं वाईट चिंतून काढणार नाही. त्याला काहीतरी दिसलंय किंवा ऐकू आलंय. ते काय, हे शुक्रवारच्या आत शोधायचं. राष्ट्रपती परत गेले की मग कुणीही ते पान उघडणार नाही."

मी खानावळीला कुलूप घातलं आणि तिच्यामागे निघाले. गिऱ्हाइकं बोंबलली तर बोंबलोत.

३

भाई मेथर मांडवात जाळं शिवत बसले होते. आम्हाला बघून उठलेही नाहीत.

"भाई, रागावू नका, पण विचारते," अक्का म्हणाली. "ट्रॉलरवर मासळीशिवाय काही होतं?"

"होता मां. सात माणसा होती," भाई म्हणाले. "तेंका इसारलंव सगळे."

मला हसू आलं, पण गप्प राहिले. अक्काही शांत बसली. तिची ही जुनी युक्ती आहे. ती गप्प बसली की समोरच्याला बोलावंच लागतं.

"बेटाजवळ गेले, थंय मोबाईलाक सिग्नल मिळालो," भाई शेवटी म्हणाले. "तसो बाळान माका फोन केल्यान. म्हणालो, भाई, इंजिन मेला, बॅटरी पण सपत इली. नारळ वाढवलंय, दिवे वाढवलंय, आता देव काय ता करीत. मी म्हटलंय, बरा केलंस, वायरलेस तेवडो चालू ठेव. मगे फोन तुटलो. बाकी तेंचो आवाज आयकाक नाय."

"एवढंच?"

"एवढाच. ह्येच्यात चोरटो माल खंय दिसता तुमका? त्या समदाक जावन इचारा. तेनाच दिल्लीक काय काय सांगल्यान."

परत येताना अकिला वाटेत भेटली. अक्काने तिला थांबवून विचारलं, सिराजने तुरुंगातून फोनवर काय काय सांगितलं. अकिलाला एकदाच दहा मिनिटं बोलायला मिळालं होतं, आणि त्यातली निम्मी रडण्यात गेली होती.

"एक गोष्ट चमत्कारिक होती," ती म्हणाली. "सिराज म्हणालो, हे लोक रोज येतत आणि एकच इचारतत. नारळ खंय? तो म्हणालो, होडयेत एक पण नारळ नाय, बघा तुमी. तर ते म्हणतत, तेच तर आमका खटाकता."

बेटांच्या देशात जिकडे बघाल तिकडे माड, आणि हे आमच्या माणसांकडे नारळ मागतात. मला वाटलं, तुरुंगात राहून सिराजचं डोकं फिरलं. पण अक्का रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता, त्याचंही तिला भान नव्हतं.

४

समदचाचाच्या घरी आम्हाला चहा मिळाला, पण चाचा आमच्याकडे बघत नव्हता. एरवी हा माणूस धक्क्यावर असला की त्याचा आवाज चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत जातो.

अक्काने कप बाजूला ठेवला. "समद, तुला दिल्लीहून देवेशचा फोन आला होता. त्याने तुला नारळाबद्दल विचारलं. खरं ना?"

चाचाने हातातली बशी खाली ठेवली. मी अक्काकडे बघतच राहिले, कारण हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"तुका कसा समाजला?"

"तुरुंगवाले नारळ विचारतात. म्हणजे नारळ कागदात आहेत. कागद देवेशकडे आहेत. आणि मालवणात एखाद्या व्यापाऱ्याची चौकशी करायची तर तो कुणाला विचारणार? बापाच्या दोस्तालाच."

समदचाचाने डोळे पुसले. बोलायला लागला तेव्हा आवाज अगदी बारीक होता. "तेना माका इचारल्यान, चाचा, भाई मेथर नारळाचो धंदो करता काय? मी हसलंय. म्हटलंय, अरे, भाई आणि नारळ? तेच्या परड्यात एक माड नाय. मासो सोडून तो कशाक हात लावचो नाय. माका वाटला, मी भाईची तारीफच करतंय. आमचा वाकडा आसा ता आसा, पण तो माणूस चोख. तर देवेश गप झालो. म्हणालो, चाचा, ह्या कोणाक सांगू नको. तेवांच माका समाजला, कायतरी चुकला. दोन दिवसांनी नावा गेली."

"म्हणून तू लिलावाला येत नाहीस."

"कोणत्या तोंडान येव? मी खरा बोललंय, अक्का. खऱ्यान माणसा तुरुंगात जातत काय?"

"जातात कधीकधी," अक्का म्हणाली. "ऐकणारा कोण आहे त्यावर असतं."

बाहेर आल्यावर मी तिला धरलंच. म्हटलं, माझ्या डोक्याचा भुगा झालाय, काहीतरी सांग. भाई खरे, समदचाचा खरा, सिराज खरा. मग खोटं कोण बोललं?

"तेच आता देवेशला विचारू," ती म्हणाली.

५

देवेश पडवीत बसला होता, एका कानाला एक फोन आणि मांडीवर दुसरा. पोरगा देखणा, बापाची उंची, लखनौच्या आईचा रंग. डोळ्यांखाली मात्र काळं पडलेलं. बऱ्याच दिवसांची झोप नसावी.

"आत्या, ये गो," तो उठून म्हणाला. मालवणी बोलायची त्याला भारी हौस, बोलतोही बरी. "पण त्या सात जणांचा माका काय इचारू नको. माका सांगूक येवचा नाय."

"मी कुठे विचारते? मी तुझी चौकशी करायला आले. पोरं शेण घेऊन बसलीत, माहीत आहे ना?"

त्याने मान खाली घातली आणि शुद्ध मराठीवर आला. "फेकू दे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही फेकलं असतं. पण आत्या, खोटं बोलणाऱ्याला मी वाचवू शकत नाही. गावचा आहे म्हणून तर नाहीच नाही. उद्या त्यांच्याकडे खरंच काही निघालं, तर दोन देशांची दोस्ती त्यात बुडेल. मला माणसं दिसत नाहीत असं नाही. हौसाबाईंनी लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय."

"बाळा खोटं बोलला?"

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. अंगणात कावळे श्राद्धाच्या पानावर भांडत होते.

"ती होडी काळोखात होती," शेवटी तो म्हणाला. "तटरक्षकांनी बघितली तेव्हा एक दिवा नव्हता तिच्यावर. इतकंच सांगतो, आणि हेही सांगायला नको होतं."

"बरं. मग दुसरंच विचारते, गुपित नसलेलं. तुमच्या त्या खोलीत मालवणी कळणारं आणखी कोण आहे?"

देवेशच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा हसू आलं. "कोण असणार? मीच. सगळे म्हणतात, आपल्याकडे मालवणी माणूस आहे, भाषांतराला बाहेर कशाला द्यायचं? बाहेर दिलं की बातमी फुटते."

अक्का झटकन उठली. "उद्या जेवायला जानकीकडे ये. जायच्या आधी आमच्या हातचं खाऊन जा."

रस्त्यावर आलो तेव्हा तिने माझा दंड धरला होता, आणि तिची बोटं थंडगार होती. म्हणाली, "जानकी, उद्या जेवणाच्या आधी देवासमोर दिवा लाव. आणि एकच नारळ ठेव. बाकीचे टोपलीत."

"जेवण काय करू ता इचार तरी."

"काहीही कर. उद्या कुणाला चव लागणार नाही."

६

बुधवारी हौसाबाई रामेश्वराला गाऱ्हाणं घालायला गेली होती, ते बरंच झालं. खानावळीत मी, अक्का आणि देवेश. दार मी आतून ओढून घेतलं. फळीवर देव, समईत एकच वात, खाली पाटावर एक नारळ. वारा येत होता आणि ज्योत हलत होती.

"देवेश, माझे गुडघे धरलेत," अक्का म्हणाली. "जेवायच्या आधी एवढं कर. तो दिवा वाढव."

पोरगा उठला. हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि बोटाने वात पुढे सरकवली. ज्योत टीचभर वर गेली. माझ्या नव्या कॅलेंडरवर काजळी धरायला लागली, मी तोंड उघडलं, तर अक्काने माझा हात घट्ट दाबला.

"आता नारळ वाढव."

देवेशने पाटावरच्या नारळाकडे बघितलं. इकडेतिकडे बघितलं. मग टोपलीतले दोन नारळ काढले, त्या एकाच्या शेजारी नीट मांडले आणि विचारलं, "इतके पुरे, आत्या?"

मला हसू फुटलं. खरंच सांगते, आवरलंच नाही. पण अक्काकडे बघितलं तर तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि माझं हसू थांबलं. भाई मेथरांच्या मांडवात ऐकलेलं वाक्य मला आठवलं.

"जानकी, तू कर," अक्का म्हणाली.

मी वात मागे ओढून तेलात बुडवली. दिवा गेला. नारळ उचलून दारातल्या दगडावर आपटला, दोन भकलं झाली, पाणी वाटीत धरलं आणि देवासमोर ठेवलं.

देवेश गोंधळला होता. "हे तर तू विझवलंस. आणि फोडलंस."

"देवाच्या दिव्याला विझवला म्हणत नाहीत, पोरा. देवाच्या नारळाला फोडला म्हणत नाहीत," अक्का म्हणाली. "अभद्र शब्द तोंडातून नको, म्हणून वाढवला म्हणतात. हातातली बांगडी फुटली तरी ती वाढली. व्यापारी दुकान बंद करतो तेव्हा वाढवतो. भर दर्यात होडीचे दिवे विझवले, असं कुठला तांडेल म्हणेल? तुझ्या आईला हे माहीत असायचं कारण नाही, आणि तुझा बाप दिल्लीत बटण दाबून दिवे घालवायचा."

देवेशचे ओठ हलत होते. मनातल्या मनात तो ते संभाषण पुन्हा ऐकत असावा.

"बेटवाल्यांनी बाळाचा फोन टेप केला आणि तुम्हाला पाठवला," अक्का म्हणाली. "तू ऐकलंस. नारळ वाढवले, म्हणजे जास्त घेतले. दिवे वाढवले, म्हणजे मोठे केले. पण होडी काळोखात सापडली. म्हणजे तांडेल खोटारडा. तुझं भाषांतर बेटवाल्यांकडे गेलं, त्यांनी नारळ शोधले, तर एकही सापडला नाही. म्हणजे नारळ हा सांकेतिक शब्द, दुसऱ्याच कसल्या तरी मालाचा. खात्री करायला समदला फोन केलास. तो म्हणाला, भाईचा नारळाशी संबंधच नाही. झालं, तुझा संशय पक्का झाला."

"त्याने बॅटरी वाचवायला..." देवेशचा आवाज फुटला. "वायरलेस चालू राहावा म्हणून दिवे घालवले. आणि देवाला साकडं घातलं."

"आणि नारळाचा प्रसाद सात जणांनी खाल्ला. सापडणार कुठून? हौसाबाई म्हणाली, कुणीतरी ध चा मा केला. पण त्याला अक्षर बदलावं लागतं. इथे कुणी काही बदललं नाही. भाईंनी ते वाक्य मला सांगितलं तेव्हा मला आणि जानकीला काही खटकलंसुद्धा नाही, कारण आम्हाला कळत होतं. आणि तुला खटकलं नाही, कारण तुलाही कळतंय असं तुला वाटत होतं."

देवेश खाली जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी अक्काला म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, अजून पुरे नाही.

७

रडून झाल्यावर त्याने फोन काढला आणि मजकूर लिहायला घेतला. अक्का मागे उभी राहून वाचत होती.

"'भाषांतरात काही संदिग्धता आढळली आहे, तरी फेरविचार व्हावा'," तिने मोठ्याने वाचलं. आणि इतक्या दिवसांनी तिची मालवणी बाहेर आली. "ह्या काय लिवलंस रे? संदिग्धता? संदिग्धता लिवलंस तर ते समिती नेमतले. राष्ट्रपती जेवन-खावन घराक जातले आणि आमची माणसा थंयच कुजतली. चूक म्हण. माझी चूक म्हण. चूक आसली की ती आजच्या आज दुरुस्त करूची लागता."

"आत्या, पान वर गेलंय. परवा भेट आहे. असं लिहिलं तर माझी तिथली खुर्ची जाईल."

"जाईल कदाचित," ती शांत झाली. "मी तुला खोटं सांगणार नाही. पण त्या खोलीचा एक गुण आहे. माणसं थोडी असतात, म्हणून चूक झटकन होते. आणि म्हणूनच कुणी उभं राहून बोललं तर ती झटकन निघतेही."

देवेशने लिहिलेलं पुसलं. मग उठून मागच्या दारी गेला, कारण माझ्या खानावळीत रेंज फक्त सुकत घातलेल्या मासळीपाशी येते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि भोवती गोलम्याचा, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीचा, वास. तिथे उभं राहून त्याने दिल्लीला फोन लावला.

"सर, भाषांतर माझं होतं आणि ते चुकलंय," तो म्हणत होता. "नाही सर, शंका नाही. उलटा अर्थ लावला मी. ते सात जण निर्दोष आहेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका, ती टेप परराष्ट्र खात्याच्या मराठी भाषांतरकाराकडे पाठवा. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बातमी फुटेल ही भीती मीच घातली होती."

पलीकडून काय बोललं गेलं, ते आम्हाला कळलं नाही. तो परत आला आणि म्हणाला, कळवतो म्हणालेत. मी जेवणाचं पान मांडलं, पण तो दोन घास खाऊन उठला आणि विमान गाठायला गेला. अक्काने खरंच सांगितलं होतं, चव कुणालाच लागली नाही.

गुरुवारी काही नाही. अकिलाला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. खोटी आशा लावण्यापेक्षा ते बरं. शुक्रवारी टीव्हीवर दोन मोठ्या माणसांनी हात मिळवले, फोटो काढले, करारांची नावं वाचली गेली. मी वरण ढवळत एकेक शब्द ऐकत होते. मच्छीमार हा शब्द कुणाच्या तोंडातून आला नाही. अक्का टीव्ही बंद करून उठली आणि कुत्र्याला भाकरी घालायला गेली. तिची पाठ एवढी वाकलेली मी कधी बघितली नव्हती.

आणि संध्याकाळी अकिला आली. या वेळी चपला बाहेर काढून आली, आणि दारातच बसली. वकिलातीतून फोन होता. जेवणाच्या टेबलावर साहेबांनी स्वतः विषय काढला, असं तिकडची बाई म्हणाली. पानाच्या सगळ्यात शेवटी एक ओळ हाताने लिहिलेली होती म्हणे. राष्ट्रपती हसले आणि हो म्हणाले. सातही जणांना सोडणार होते.

हौसाबाईने आधी सुंगटं धुतली, मग कोपऱ्यात जाऊन रडली.

पुढच्या आठवड्यात ते सात जण गोव्याच्या विमानतळावरून गाडीने थेट माझ्या खानावळीत आले. बाळा वाळून काटकी झाला होता. सिराजला तर अकिलाने इस्त्रीचा शर्ट दिला, तो खांद्यावरून ओघळत होता. भाई मेथर आणि समदचाचा एकाच बाकावर बसून एकमेकांशी न बोलता जेवत होते, आणि आमच्याकडे हे समेटाचं लक्षण मानतात.

देवेशही आला होता. वरच्या कार्यालयातून त्याची बदली झाली होती, दुसऱ्या कुठल्याशा खात्यात. तो बाहेर नळापाशी उभा होता, आत येईना. अक्का त्याला आणायला गेली, तर म्हणाला, आधी सांगितल्याशिवाय मी त्यांच्यात बसणार नाही.

तो येऊन खानावळीच्या मधोमध उभा राहिला. "यादीतून तुमची नावं मी काढली होती," तो म्हणाला. "तुमचं बोलणं मला समजलं नव्हतं, आणि समजतंय असं मी धरून चाललो."

सिराजने हातातला घास पानात ठेवला. भाईंचा जबडा ताठ झाला. बाळा आईकडे बघत होता.

हौसाबाई चुलीपासून उठली, पदराला हात पुसले आणि देवेशच्या समोर येऊन उभी राहिली.

"आणि परत घातली कोणी?"

"मीच," तो म्हणाला.

"मगे हुबो कित्याक? बस. मासे निवतत."

सिराज जरासा सरकला आणि त्याने बाकावर जागा केली.